बोट ठेवून दाखवा

या जगात एकही वस्तू बिनचूक नाही आणि ही बातमी जगाला वेळोवेळी कळवत राहण्यासाठीच आमच्या व्याह्यांना जन्माला घातलेलं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. हे नातंच असं आहे की समोरच्याला काही बोलायची सोय नाही. पाट मांडावा, आग्रह करून वाढावं, निघताना टॉवेल-टोपी हातावर ठेवावी आणि गप्प बसावं. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, शेवटची काही वर्षं हेडक्लार्क म्हणून, त्यामुळे पोटात एक आणि ओठावर एक ठेवायची मला सवय होती. ती नसती तर हे नातं साखरपुड्याच्या दिवशीच मोडलं असतं.

कारण साखरपुड्यात मी त्यांना मानाची शाल पांघरवली, तर त्यांनी ती लगेच खांद्यावरून उतरवली, मांडवाच्या उजेडाकडे धरली, काठापासून चार बोटं मोजली आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर अत्यंत आपुलकीने मला सांगितलं, "व्याही, हितं एक आडवी तार सुटलीय. दुकानदारानं फशिवलं तुमाला." मी हसलो. आमची ही हसली नाही. ती शाल निवडायला तिने दोन दुपारी घालवल्या होत्या. त्यानंतर लग्नापर्यंत आम्ही त्यांना कापडाची कुठलीही वस्तू दिली नाही. पितळेचा डबा दिला, तर त्यांनी झाकण उघडून आतली डाग दिलेली जागा बघितली.

मूळचे ते मंगळवेढ्याकडचे. घरी ज्वारीची कोरडवाहू शेती, तिथे चुका काढायला फारसा वाव नसावा, म्हणून ते सोलापुरात आले आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्यात तपासणी खात्याला लागले. तिथे त्यांनी पस्तीस वर्षं काढली. मागावरून उतरलेली प्रत्येक चादर त्यांच्या टेबलावरून जायची. डोक्यावर दिवा, पुढ्यात चादर आणि चादरीत कुठेतरी दडून बसलेली ती एक तुटकी तार, एवढंच त्यांचं विश्व होतं, आणि निवृत्तीनंतर ते विश्व त्यांनी सगळ्या सोलापूरभर पसरवलं. लग्नाच्या पंगतीत ते आधी बस्करपट्टी तपासतात, मग ताट. एस.टी.त बसायच्या आधी शिटाच्या कापडावरचा नमुना कुठे सरकलाय ते बघतात आणि न सरकलेल्या शिटावर बसतात, मग ती मागच्या चाकावरची का असेना. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पूजा चालू असताना ते हॉलमधल्या फरशीकडे बघत होते. भटजींनी हात जोडायला सांगितल्यावर त्यांनी जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच मला खुणावून खिडकीजवळची उलटी बसवलेली फरशी दाखवली. ती फरशी मला तोवर दिसली नव्हती. आता त्या खोलीत दुसरं काही दिसत नाही. विहीणबाईंचं म्हणणं तर असं की लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण त्यांची भाकरी अजून एकदाही गोल झालेली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. कारखान्यात त्यांचा एक रिवाज होता. चादर रद्द करायची तर नुसता शिक्का मारायचा नाही. ज्याच्या मागावरची चादर असेल त्याला बोलावून घ्यायचं, चुकीवर बोट ठेवायचं आणि तो स्वतः "व्हय" म्हणेपर्यंत बोट उचलायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्या तेलुगू विणकराने अर्धा दिवस हो म्हटलं नाही. व्याही जेवायला गेले नाहीत. बोट ठेवून तसेच उभे राहिले. शेवटी म्हाताऱ्याने घरून चष्मा मागवला, वाकून बघितलं, तेलुगूत स्वतःलाच काहीतरी बोलला आणि मान हलवली. मालक या प्रकारावर वैतागलेला असायचा, पण व्याही म्हणायचे की न दाखवता रद्द करणं म्हणजे माणसाच्या पाठीमागं बोलणं हाय. हे वाक्य ते मला इतक्या वेळा ऐकवत की मी त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडून दिलं होतं.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत विहीणबाईंनी आमच्या मुलीला, म्हणजे त्यांच्या सुनेला, पुण्याला फोन करून सांगितलं की यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर मी माहेरी करकंबला निघून जाते. मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने सासऱ्यांना मोठ्या पडद्याचा फोन दिला आणि त्यावर एक खेळ घालून दिला. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उतरतात, सापडेल ती बंदूक उचलतात आणि एकमेकांना मारत सुटतात. शेवटी जो माणूस किंवा जो गट उरतो तो जिंकतो. ही माणसं खरी असतात, म्हणजे आपापल्या घरी फोन घेऊन बसलेली असतात. असे खेळ आहेत हे मला ठाऊक होतं, पण ते पासष्टीच्या लोकांसाठी आहेत हे नव्हतं. पुढच्याच आठवड्यात व्याह्यांनी मलाही त्यात ओढलं. व्याह्यांना नाही म्हणता येत नाही, त्यामुळे मी रोज दुपारी चारला त्या बेटावर उतरून साधारण तिसऱ्या मिनिटाला मरू लागलो.

व्याही मरत नसत. वास्तविक त्यांना बंदूक धड चालवता येत नव्हती. एकाच बोटाने, देवाला हळद-कुंकू वाहावं तशी ते गोळी झाडत. पण ते बंदूक धरून एखाद्या झुडपासमोर नुसते उभे राहत, आणि थोड्या वेळाने त्या झुडपातून हमखास कुणीतरी बाहेर येई. एकदा आमच्या गटात हैदराबादकडचा कुणी अनोळखी खेळाडू होता. तो शेवटी न राहवून म्हणाला, "चाचा, तुमकू दिखा कैसा?" व्याह्यांनी त्याला मराठीतून समजावलं आणि त्याला ते कळलं नाही. मला त्यांनी सविस्तर सांगितलं. खेळातलं गवत चितारणाऱ्याने सगळं बेट हाताने रंगवलेलं नाही. गवताचा एक तुकडा काढलाय आणि तोच पुन्हा पुन्हा जोडलाय, चादरीवरच्या मोरासारखा. "नमुना दर दोन बोटांनी परत येतोय, व्याही. जितं परत येत न्हाय, तितं माणूस बसलाय." मी फोन नाकाला लावून बघितला. मला गवत दिसलं.

तीन महिन्यांत आमचे व्याही त्या खेळात कुठल्याशा वरच्या पायरीवर जाऊन पोचले. घरात शांतता नांदू लागली. भाकरी गोल झाली असं नाही, पण तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आणि मग एका सोमवारी सकाळी दहा वाजता ते पायात स्लिपर, हातात फोन आणि चेहऱ्यावर दुखवट्याची कळा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. फोनवर इंग्रजीत मजकूर होता. त्याचा अर्थ असा की तुमच्या खात्यावरून अनधिकृत सॉफ्टवेअर वापरलं गेल्याचं आढळलं आहे, सबब हे खातं एक वर्षासाठी बंद करण्यात येत आहे. थोडक्यात, लपलेली माणसं दाखवणारं चोरटं सॉफ्टवेअर फोनमध्ये बसवून आमचे व्याही फसवाफसवी करतात, असा त्यांच्यावर ठपका होता. ज्या माणसाला फोनचा आवाज कमी करायला सून लागते, त्याच्यावर.

मला आतून जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. जन्मभर इतरांचा माल रद्द करणाऱ्याला कुणीतरी रद्द केलं होतं. पण ते खुर्चीत बसले आणि पाणीही न पिता एकच गोष्ट विचारत राहिले. "कुटं चूक झाली ते दाखवलं न्हाय त्यांनी. असं कसं चालंल?" त्यांना खेळ परत नको होता, असं नाही; पण त्याहून जास्त त्यांना हवं होतं ते एवढंच, की ते सॉफ्टवेअर नव्हतं, त्यांची नजर होती, असं कंपनीने लिहून द्यावं.

इथे माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. निलंबनाविरुद्ध अपील कसं करायचं हे मला झोपेतही येतं. मी त्याच दिवशी मसुदा केला. "महोदय, विषय: ऑनलाइन खेळातील खाते बंद करण्याच्या आदेशाविरुद्ध फेरविचार अर्ज. संदर्भ: आपला दिनांकविरहित संदेश." आदेशावर तारीख नाही, ही त्रुटी मी पहिल्याच परिच्छेदात नोंदवली. खाली व्याह्यांचं म्हणणं: चूक असल्यास समक्ष बोट ठेवून दाखवावी. सोबत जोडायच्या कागदांची यादीही मीच केली. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र की मी कोणतेही सॉफ्टवेअर वापरलेले नाही व वापरता येत नाही, तसेच मी डोळे तपासून घेतले आहेत. कारखान्याचा सेवेचा दाखला. नगरसेवकांचा वर्तणुकीचा दाखला. रहिवासी दाखला, का ते विचारू नका, असावा. आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र, की यांची नजर मुळातच असामान्य आहे. नगरसेवकांनी खेळाचं नाव विचारलं नाही, सरळ सही केली. दाखले गोळा व्हायला दोन आठवडे लागले आणि त्या दोन आठवड्यांत मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा सुखी होतो. मुलीने फोनवर सांगितलं की बाबा, कंपनीच्या फॉर्ममध्ये पाचशे अक्षरांचीच जागा आहे आणि कागद कुणी वाचत नाही. माझा विषय आणि संदर्भच दीडशे अक्षरांचा होता. मी म्हटलं, तू चिकटव, वाचायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं, आमच्याकडेही तसंच असायचं.

दरम्यान व्याह्यांनी दुसरीकडून तपास सुरू केला होता. आपल्यावर जो आरोप आहे ती गोष्ट मुळात करता येते का, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. रोज संध्याकाळी ते सुनेला व्हिडिओ कॉल लावत आणि कारखान्याच्या जुन्या वहीत टिपणं काढत. मी शेजारी बसून ऐकत असे, आणि कबूल करतो, मला त्यातलं निम्मं त्यांच्यामुळे कळलं. मुलगी सांगत होती की मामा, कधीच मरायचं नाही, गोळ्या कधी संपायच्या नाहीत, असलं सॉफ्टवेअर सहसा चालत नाही. कोण किती जखमी, कुणाकडे किती गोळ्या, हे सगळं कंपनीच्या मोठ्या यंत्रात लिहिलेलं असतं. आपला फोन फक्त विचारतो. फोनने खोटं सांगितलं तरी कंपनीची वही बदलत नाही. नेम धरणारं सॉफ्टवेअर मात्र करता येतं, कारण बोट आपल्या फोनवर असतं. आणि लपलेला माणूस दाखवणारंही करता येतं. ते कसं, म्हणून व्याह्यांनी विचारलं, तर ती म्हणाली की भिंतीमागचा माणूस बाहेर आल्याबरोबर फोनला तो दाखवायचा असतो, त्यामुळे तो कुठे आहे हे फोनला आधीच कळवून ठेवावं लागतं. व्याह्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हंजे समदी माणसं माज्या फोनमदी आदीच येऊन बसल्यात," ते म्हणाले. "वर नुसतं पांघरूण घातलंय. मग पांघरूण उचलणारा कुणीबी निघणार की."

कंपनीने दिसणारीच माणसं फोनला कळवली तर, असाही प्रश्न त्यांनी काढला. मुलगी म्हणाली, काही खेळांत तसं करतात, पण शंभर जणांतून कुणाला कोण दिसतंय याचा क्षणाक्षणाला हिशोब ठेवायचा म्हणजे फार काम, आणि नेटवर्क जरा मंद झालं की माणसं हवेतून उगवायला लागतात. म्हणून मग चोर पकडायचा दुसरा मार्ग कंपनी धरते: फोनमध्ये परकं सॉफ्टवेअर चालू आहे का ते बघते, आणि खेळणारा वागतो कसा तेही बघते. जो माणूस न दिसणाऱ्या माणसाकडे वारंवार बंदूक रोखून उभा राहतो, त्याला दिसत असणार, असं धरून चालते. म्हणजे व्याह्यांना शिक्षा झाली ती त्यांच्या रोखून बघण्याची. त्यांनी वही मिटली आणि मला जे सांगितलं त्याने मी चाट पडलो. कंपनीचा संशय रास्त आहे म्हणे. जे करता येतं त्याचा संशय तपासणाऱ्याने घेतलाच पाहिजे, त्यांनीही घेतला असता. फक्त बोलावून दाखवायला पाहिजे होतं. आपल्याला ज्यांनी चोर ठरवलं त्यांच्या बाजूने इतकं समजूतदार बोलणारा आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही, आणि असल्या माणसाचं अपील लिहिणं हे किती कठीण काम आहे ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

राहिलं होतं ते डॉक्टरांचं प्रमाणपत्र. सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांकडे मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. वाटेत ते खुशीत होते. शेवटची ओळ तर सोडाच, छापणाऱ्याचं नावसुद्धा वाचून दाखवतो म्हणत होते. अक्षरांचा तक्ता त्यांनी वाचला, पण डाव्या डोळ्याने वाचताना मान एकसारखी तिरपी करत होते. डॉक्टरांनी मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. पांढऱ्या कागदावर बारीक चौकडी, मधोमध एक ठिपका. उजवा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगितलं. व्याह्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब, कागद बदला तुमचा, छापताना बिघडलाय. मधल्या रेघा वाकल्यात. डॉक्टरांनी कुठे म्हणून विचारलं, तर त्यांनी ठिपक्याच्या जरा वर बोट ठेवून दाखवलं. डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला.

रेघा सरळ होत्या. आयुष्यभर मी साहेबांना, अर्जदारांना, ऑडिटवाल्यांना तोंड वाकडं न करता हवं ते सांगत आलो, पण त्या वेळी मी तो कागद नुसता फिरवून फिरवून बघितला, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सरळ हायत व्हय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो."

मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हा डोळ्याच्या पडद्याचा विकार होता. पडद्याचा नेमका मधला भाग, ज्याने माणूस बारीक बघतो, तोच झिजत चालला होता. डावा डोळा बराच गेला होता, उजव्यात सुरुवात झाली होती. इंजेक्शनं घेतली तर वेग कमी होईल, गेलेलं परत यायचं नाही. इतके दिवस उजव्या डोळ्याने डाव्याचं काम सांभाळून घेतलं, म्हणून कळलं नाही. डॉक्टरांनी हे सगळं फार नीट समजावून सांगितलं आणि व्याह्यांनी फार नीट ऐकून घेतलं. परतताना रिक्षाच्या शिटाचं कापड दोन ठिकाणी फाटलेलं होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

प्रमाणपत्र हातात होतं आणि त्यात ही सगळी हकीकत लिहिलेली होती. आता कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल की हा कागद जोडला तर अपील तिथेच संपलं. मी त्यांना सांगितलं की यादी मी केली आहे, एक ओळ मीच कमी करतो, पहिल्या पानावर पाचऐवजी चार लिहितो, कुणाच्या बापाला कळणार नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, प्रतिज्ञापत्रात आपण लिहिलंय डोळे तपासून घेतले म्हणून. मी म्हटलं, लिहिलं असेल, तपासून घेतलेच की, काय निघालं ते सांगायची सक्ती नाही. तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदाच जरा चिडले.

"जल्मभर लोकांच्या मालातली चूक दाखवली. माजाच माल खराब निगाला म्हणून लपवू व्हय?"

कागद जोडला. मुलीने तिकडून पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आलं: आपल्या प्रकरणाचा पुन्हा आढावा घेतला, निर्णय कायम आहे. मला कंपनीचा राग येत नाही. त्या टेबलावर मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. डोळ्यांची ही अवस्था असलेला म्हातारा गवतातली माणसं सॉफ्टवेअरशिवाय बघतो, यावर कोण विश्वास ठेवणार? आमच्या पुराव्यांत त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा आम्हीच, साक्षांकित करून, जोडला होता. व्याह्यांनी उत्तर मला दोनदा वाचायला लावलं, चूक कुठे ते लिहिलंय का विचारलं, आणि लिहिलेलं नाही म्हटल्यावर वही कपाटात ठेवून दिली.

वर्ष संपलं. दर महिना-दोन महिन्यांनी इंजेक्शनं झाली. मग एके दिवशी खातं उघडलं. ते निर्दोष ठरले म्हणून नव्हे, तर मुदत संपली म्हणून. दुपारी चारला आम्ही पुन्हा त्या बेटावर उतरलो. व्याही बंदूक घेऊन गवतासमोर उभे राहिले, पुष्कळ वेळ उभे राहिले, आणि कुणीतरी मागून येऊन त्यांना मारलं. त्या दिवशी मी त्यांच्यानंतर मेलो. इतके महिने मी या क्षणाची वाट बघत होतो, आणि आल्यावर तो मला अजिबात आवडला नाही. पुढेही तसंच होत राहिलं. ते म्हणायचे की मधेच एक धुरकट ठसा येतो, नजर नेली की तोही बरोबर येतो. कडेचं दिसतं, बघायचं तेवढंच दिसत नाही. आणि एकदा चहा पिता पिता त्यांनी सहज म्हटल्यासारखं सांगितलं की आता कुणी तक्रार करत नाही. आधी खेळ संपला की हरलेले लोक त्यांच्या नावाने काय काय लिहायचे, चीटर म्हणायचे, हॅकर म्हणायचे. आता कुणी काही लिहीत नाही.

या माणसाने माझी शाल, माझी फरशी, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि माझ्या अर्जातलं शुद्धलेखन, यांतलं काहीही सोडलेलं नाही. त्यांच्या नजरेचा जाच मी दहा वर्षं सोसला. ती नजर चालली म्हणून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी येऊन हॉलमधल्या त्या उलट्या फरशीकडे बघत बसलो आणि मला फार वाईट वाटलं. रात्रीचं जेवण व्हायच्या आत मी मुलीला फोन लावला.

आता दर रविवारी चार वाजता व्याह्यांसाठी खेळाची एक वेगळी खोली उघडते, म्हणजे बोलावलेल्यांनाच शिरता येईल असा खाजगी डाव. त्या खोलीत पुण्याहून आमच्या मुलीच्या ऑफिसातली सात-आठ पोरं येतात, जावई येतो, आणि दुसऱ्याच कुणाच्या नावाने मी येतो. आम्ही सगळे गवतात लपतो. व्याह्यांची बंदूक ज्या दिशेला वळेल, त्या बाजूचा माणूस उठतो आणि जमेल तितक्या स्वाभाविकपणे तिच्यासमोर येऊन उभा राहतो. ते एका बोटाने गोळी झाडतात. खेळ संपला की पाळीपाळीने आम्ही लिहितो, हा माणूस हॅकर आहे, याला दिसतंच कसं, कंपनीला कळवा. विहीणबाई ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, दोनदा. व्याह्यांच्या वहीत असलेल्या सगळ्या प्रकारांत हा प्रकार बसत नाही. याला कसलंही सॉफ्टवेअर लागत नाही आणि जगातली कुठलीही कंपनी हे पकडू शकणार नाही, हे मी आमच्या मुलीला विचारून खात्री करून घेतलं आहे. सगळ्यांनी मिळून एकाच माणसासाठी खोटं खेळायचं ठरवलं तर ते तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे.

परवाच्या रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्या खोलीतला एक खेळाडू लई बावळट हाय म्हणाले. चांगला लपतो आणि ऐन वेळेला खुळ्यासारखा उठून पुढे येतो. त्याला कुणीतरी चार गोष्टी शिकवायला पाहिजेत. तो बावळट मीच असल्यामुळे मी नुसतं हूं म्हटलं. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "पर उठायच्या आदीच दिसला व्हता मला, व्याही. गवतात व्हता तवाच दिसला."

त्यांची बंदूक माझ्या उजवीकडच्या मोकळ्या जागेवर रोखलेली होती. मी गवतातून उठून दहा पावलं चालत तिथे गेलो होतो.

मी म्हणालो, "दिसणारच की. नजर कुणाची आहे."